खापरातली दारू ओळखायची कशी?

पहिल्या उत्खनन शिबिरात माझ्याकडे खापरं धुवायचं काम आलं होतं. दोन बादल्या पाणी, जुने टूथब्रश आणि वाळत घालायला गोणपाट. एका जाड खापराच्या आतल्या बाजूला काळपट, खरखरीत थर बसला होता. चिंच लावून तांब्या घासावा तसं ते खापर मी लख्ख केलं आणि शाबासकीच्या अपेक्षेने सरांना नेऊन दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"आत काही होतं का गं?"

"होतं ना, सर. सगळं काढलं."

"रांजणाचं बूड होतं ते," एवढंच म्हणून ते पुढच्या खड्ड्याकडे गेले. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळायला वर्ष गेलं.

'जगातली सर्वांत जुनी बिअर सापडली' अशी बातमी अधूनमधून येतेच. ती वाचताना कुठले प्रश्न कुठल्या क्रमाने विचारायचे, हे मी हळूहळू शिकले. तो क्रम इथे मांडते आहे. पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांना तो उपयोगी पडेल, आणि बातमी खरी की फुगवलेली हे स्वतः तपासायचं असणाऱ्यांनाही.

पायरी १: अल्कोहोल शोधू नका

अल्कोहोल सापडत नाही. ते उडून जातं, पाण्यात विरघळतं, जीवाणू त्याचं व्हिनेगर करतात आणि पुढे ते व्हिनेगरही संपतं. त्यामुळे हजारो वर्षांपूर्वीच्या दारूचा प्रत्येक पुरावा आडवळणाचाच असतो. बातमीत 'मद्याचे अंश सापडले' असं वाचलंत, तर सापडलंय ते दुसरंच काहीतरी. ते काय, हे शोधायला लागा.

इथे आणखी एक गल्लत होते. आपल्याकडे दारू म्हटलं की पहिल्या धारेची मोहाची किंवा काजूची फेणी डोळ्यांपुढे येते. ती ऊर्ध्वपातनाने, म्हणजे उकळून वाफ थंड करून काढलेली असते आणि ते तंत्र फार नंतरचं. प्रागैतिहासिक पेयं म्हणजे नुसती आंबवलेली. पालघरकडची ताडी किंवा गोव्याची सूर यांच्या जातीची, सौम्य आणि एकदोन दिवसांत आंबट होणारी. ती जेवणाचाच भाग असायची.

पायरी २: कच्चा माल कोणता, ते विचारा

द्राक्षं, मध, माडाचा रस यांत साखर आयतीच असते. यीस्ट फळांच्या सालीवर, हवेत, भांड्याच्या भेगांत असतंच. मधात पुरेसं पाणी घालून ठेवलं तरी तो आंबायला लागतो. धान्याचं तसं नाही. त्यात पिष्ट (स्टार्च) असतं आणि पिष्टावर यीस्टचं काही चालत नाही. त्याची आधी साखर व्हावी लागते, आणि माणसाने त्यासाठी तीन वाटा शोधल्या. एक, धान्याला मोड आणणं. दोन, धान्य चावून त्यात लाळ मिसळणं, जसं दक्षिण अमेरिकेत मक्याच्या चिचा नावाच्या पेयासाठी करतात. तीन, बुरशी लावणं, जसं चीनमध्ये 'छू' नावाच्या विरजणाने करतात. झारखंडच्या हंडिया या तांदळाच्या दारूत घालतात ती राणूची गोळीही याच तिसऱ्या वाटेवरची.

हा प्रश्न आधी का, तर प्रत्येक वाटेच्या खुणा वेगळ्या राहतात. द्राक्षाचं आम्ल राहतं, मधाचं मेण राहतं, मोडाच्या धान्याचे कुरतडलेले पिष्टकण राहतात. काय शोधायचं ते ठरल्याशिवाय प्रयोगशाळेत गेलात, तर जे सापडेल त्यालाच उत्तर मानण्याचा मोह होतो.

पायरी ३: खापर कसं उचललं गेलं?

आता माझ्या टूथब्रशकडे. अवशेषांच्या तपासणीसाठी निवडलेलं खापर धुवायचं नाही, हा पहिला नियम. हाताला मोजे घालायचे, कारण बोटांचा तेलकटपणाही यंत्राला दिसतो. प्लास्टिकच्या पिशवीत टाकायचं नाही, कारण प्लास्टिक मऊ राहावं म्हणून घातलेली रसायनं खापरात उतरतात. स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियमचा कागद बरा. बुडाचा तुकडा सर्वांत मोलाचा, कारण गाळ तिथेच बसतो आणि न चकाकवलेल्या मातीच्या छिद्रांत मुरतो. छिद्रांत मुरलेलं हजारो वर्षं टिकतं. वरवर चिकटलेलं काही वेळा दोन मिनिटांत जातं, ते मी करून दाखवलंच आहे.

खापराशेजारची मातीही सोबत न्यायची, आणि नेमकं हेच पुष्कळदा राहून जातं. जे रसायन खापरात आहे तेच तितकंच मातीतही असेल, तर ते भांड्यातलं नव्हेच. जॉर्जियात त्बिलिसीच्या दक्षिणेला गदाच्रिली गोरा आणि शुलावेरिस गोरा इथल्या, इ.स.पू. ६००० ते ५८०० च्या घड्यांत द्राक्षाची वाइन होती, हा २०१७ सालचा निष्कर्ष मला पटतो तो याचमुळे. त्या संशोधकांनी मातीचे नमुने शेजारी ठेवून तुलना केली होती आणि टार्टरिक आम्लाच्या जोडीला मॅलिक, सक्सिनिक आणि सायट्रिक आम्लंही दाखवली होती.

पायरी ४: भांड्याचा आकार आणि जागा बघा, पण त्यावर थांबू नका

पश्चिम इराणमधल्या गोदिन तेपेची गोष्ट मला फार आवडते. तिथल्या इ.स.पू. चौथ्या सहस्रकातल्या घड्यांवर काम करताना व्हर्जिनिया बॅडलर या विद्यार्थिनीच्या लक्षात आलं, की आतला लालसर डाग फक्त बुडाला आणि एकाच बाजूला आहे. म्हणजे घडा आडवा ठेवलेला होता. द्रव पदार्थ आडव्या घड्यात ठेवायचा तर तोंडाला चांगलं बूच हवं, आणि आडवा ठेवायचं कारणही हवं. रसायनशास्त्रज्ञांकडे ती हा प्रश्न घेऊन गेली, म्हणून पुढचं सगळं घडलं. डाग कुठे आहे हे बघायला यंत्र लागत नाही.

उलट बाजूही सांगते. आपल्याकडच्या, तीनेक हजार वर्षांपूर्वीच्या जोर्वे संस्कृतीची भांडी संग्रहालयात पाहिली असतील. लाल रंगावर काळी नक्षी, वाजवली तर धातूसारखा आवाज, आणि तोटीचे ते सुबक घट. संगमनेरजवळचं जोर्वे, नेवासे, दायमाबाद, इनामगाव, सगळीकडे ती सापडली. इनामगावचे लोक जव पिकवत होते. तोटी आहे, जव आहे, आता बिअर म्हणायला काय हरकत? हरकत एवढीच, की तोटीतून पाणी, दूध, ताक, तेल काहीही ओतता येतं. आकारावरून फक्त शंका घ्यायची असते.

आकाराचा सर्वांत देखणा पुरावा उत्तर कॉकेशसमधल्या मायकोप इथल्या थडग्यातला. १८९७ साली निकोलाय वेसेलोव्स्की यांना तिथे सोन्याचांदीच्या आठ नळ्या मिळाल्या, प्रत्येकी मीटरभराहून लांब, काहींवर बैलांच्या छोट्या मूर्ती. शतकभर त्यांना राजदंड किंवा छत्रीचे दांडे समजत. २०२२ साली मांडलेल्या अभ्यासात त्यांच्या टोकाच्या बारीक गाळणीत जवाचे पिष्टकण सापडले आणि त्या एकाच मोठ्या भांड्यातून अनेकांनी बिअर पिण्याच्या नळ्या असाव्यात, असं पुढे आलं. पाच हजार वर्षांपूर्वीचे स्ट्रॉ म्हणा ना. मात्र ते जवाचं पेय आंबवलेलं होतं की नाही, हे त्या संशोधकांनी ठामपणे सांगितलेलं नाही. बातम्यांनी सांगितलं.

पायरी ५: रसायनाची साक्ष उलटतपासणीला उभी करा

वाइनचा माग टार्टरिक आम्लावरून काढतात. पश्चिम आशियात हे आम्ल मुबलक असलेलं फळ म्हणजे द्राक्षच, म्हणून तिथे ही खूण चालते. इराणमधल्या हाजी फिरूझ तेपे इथल्या एका घराच्या स्वयंपाकघरात भिंतीलगत सहा घडे बसवलेले होते, प्रत्येकी साधारण नऊ लिटरचे, इ.स.पू. ५४०० ते ५००० या काळातले. प्राचीन पेयांचे अभ्यासक पॅट्रिक मॅकगव्हर्न आणि सहकाऱ्यांना त्यांच्या अवशेषांत टार्टरिक आम्लासोबत पिस्त्याच्या जातकुळीतल्या झाडाची राळ मिळाली. राळ वाइनचं व्हिनेगर होणं लांबवते. द्राक्षाचा रस लगेच प्यायचा असता तर राळ कशाला घातली असती? इथे दुसरा साक्षीदार पहिल्याला बळ देतो.

बिअरचा माग कॅल्शियम ऑक्झलेटवरून काढतात. जवाची बिअर साठवलेल्या भांड्यात आत पिवळट खडा धरतो, आजचे बिअर बनवणारेही त्याला वैतागतात. गोदिन तेपेच्याच एका घड्यात आतून आडव्याउभ्या खाचा मारलेल्या होत्या आणि त्या खाचांत हा खडा साचलेला होता.

आता हेच दोन निकष घेऊन आपल्या स्वयंपाकघरात या. टार्टरिक आम्ल चिंचेत द्राक्षाहून कितीतरी जास्त असतं. अळू खाजतं ते त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे, आणि ती खाज मारायला आपण अळूत चिंच घालतो. म्हणजे लग्नाच्या पंगतीत अळूचं फदफदं ज्या पातेल्यात शिजलं, ते मातीचं असतं आणि पाच हजार वर्षांनी सापडलं असतं, तर त्यात 'वाइन'चीही खूण मिळाली असती आणि 'बिअर'चीही. हे मी गमतीने लिहिते आहे, पण भारतातल्या खापरांच्या बाबतीत ही अडचण खरीच आहे. इराणात चालणारी खूण इथे जशीच्या तशी चालत नाही.

यावर उपाय म्हणजे जोड शोधणं. काळ्या द्राक्षात माल्विडिन नावाचं रंगद्रव्य असतं, ते चिंचेत नाही. मध असेल तर मधमाशीच्या मेणाची ठरावीक संयुगं मिळतात, ती फार चिवट असतात. चीनच्या हनान प्रांतातल्या जिआहू इथल्या, इ.स.पू. ७००० च्या सुमारापासूनच्या घड्यांची सोळा खापरं तपासली तेव्हा तांदूळ, मधाचं मेण आणि टार्टरिक आम्ल अशा तिन्ही गोष्टी मिळाल्या. आम्ल द्राक्षाचं की हॉथॉर्न नावाच्या आंबट फळाचं, हा पर्याय २००४ च्या शोधनिबंधात उघडाच ठेवला होता. मला हा प्रामाणिकपणा जास्त विश्वासाचा वाटतो. त्याच जिआहूत क्रौंचाच्या हाडांच्या बासऱ्याही मिळाल्यात, त्यामुळे मैफलीचं चित्र रंगवायचा मोह आवरावा लागतो.

पायरी ६: मोडाची खूण स्वतः करून बघा

इथे वाचण्यापेक्षा करून बघण्यात मजा आहे. दारू करायची नाही, अलीकडेच थांबायचं आहे.

नवरात्रात घटाला पेरायला पूजासाहित्याच्या दुकानात अख्खे जव मिळतात, ते शंभर ग्रॅम आणा. सोललेले पांढरे जव चालत नाहीत, त्यांना मोड येत नाहीत. शेतीच्या बियाण्याच्या दुकानातले मुळीच घेऊ नका, त्यांना औषध चोळलेलं असतं. निम्मे जव बाजूला ठेवा. उरलेले दिवसभर भिजवा, मधे दोनदा पाणी बदला, मग ओल्या फडक्यात तीन-चार दिवस सावलीत ठेवा. मूळ दाण्याएवढं लांब झालं की उन्हात कडक वाळवा. आता दोन्ही वेगवेगळे जाडसर भरडा.

दोन थर्मास घ्या. प्रत्येकात पन्नास ग्रॅम भरड आणि दोनशे मिलिलिटर पाणी, पाण्याचं तापमान साधारण सत्तर अंश. भरड पडली की ते पासष्टच्या आसपास येतं. स्वयंपाकाचा थर्मामीटर वापरा, कारण उकळतं पाणी ओतलंत तर पिष्टाची साखर करणारी विकरं मरतात आणि प्रयोग फसतो. माझा पहिला असाच फसला, हाती नुसती खळ आली. झाकण लावून दीड तास विसरून जा.

उघडल्यावर आधी वास घ्या. बिनमोडाच्या थर्मासात ओल्या पिठाचा वास येतो. मोडाच्या जवाचा वास गरम बिस्किटासारखा, आणि चव गोड. साखरेचा कणही न घालता गोड! पहिल्यांदा हे चाखणाऱ्या माणसाला काय वाटलं असेल, ते तेव्हा कळतं. मग दोन्हीचं गाळलेलं पाणी पांढऱ्या बशीत थेंबभर घ्या आणि त्यावर जखमेला लावायचं आयोडिन टाका. बिनमोडाचा थेंब निळाकाळा होईल, मोडाचा बराच फिका राहील. पिष्ट खर्ची पडलं, त्याचा हा पुरावा. (आयोडिनचा थेंब अर्थातच चाखायचा नाही, आणि उरलेलं गोड पाणी त्याच दिवशी संपवा किंवा ओतून द्या.)

शाळेचा सूक्ष्मदर्शक मिळाला तर चारशे पटीत दोन्ही भरडींचे कण बघा. बिनमोडाचे कण गुळगुळीत, भिंगासारखे. मोड आलेल्यांवर खड्डे आणि चरे दिसतात, किडीने खाल्ल्यासारखे. चीनच्या शेन्सी प्रांतातल्या मिजिआया इथल्या, इ.स.पू. ३४०० ते २९०० च्या भांड्यांत असेच कुरतडलेले आणि फुगलेले कण सापडले. जव, बाजरीवर्गीय धान्य, कंद असा मिश्र माल, सोबत रुंद तोंडाची भांडी, नरसाळी आणि चूल. आंबवण्याचा सगळा संच एकाच ठिकाणी असल्यामुळे २०१६ साली जिआजिंग वांग आणि सहकाऱ्यांनी केलेला बिअरचा दावा टिकाऊ वाटतो.

जळून कोळसा झालेल्या धान्यातही मोड ओळखता येतो. दाण्याच्या सालीखाली जो पेशींचा थर असतो, त्याच्या भिंती मोड येताना पातळ होतात आणि ते जळल्यावरही दिसतं. २०२० साली ही कसोटी इजिप्तमधल्या खात्रीच्या बिअरखान्यांतल्या जळक्या खरवडीवर पारखून घेतली गेली.

पण मोड म्हणजे बिअर नव्हे! बाळाला देतो त्या नाचणीच्या सत्वाच्या डब्यातले कण उद्या कुणी तपासले, तर तेही कुरतडलेलेच दिसणार. इस्रायलमधल्या राकेफेत गुहेतल्या दगडी उखळांतून ली लिउ यांच्या गटाने २०१८ साली सुमारे १३,००० वर्षांपूर्वीची बिअर जाहीर केली, शेती सुरू होण्याच्याही आधीची. उखळं दफनभूमीतली असल्याने मृतांच्या विधीत पेय असेल, ही कल्पना मोहक आहे. पण मोडाच्या धान्याची पेज किंवा खीर केली असती तरी उखळात बहुतेक हेच उरलं असतं, म्हणून मी ते 'शक्य' या खणात ठेवते. तुर्कस्तानातल्या गोबेकली तेपेच्या दगडी डोणींचंही तसंच. १६० लिटरपर्यंत मावेल एवढ्या डोणी, तळाशी करडा थर, पण ऑक्झलेटची तपासणी निर्णायक ठरली नाही, आणि उत्खनन करणाऱ्यांनी ते तसं लिहिलं.

पायरी ७: आंबवणारा सापडला का?

यीस्टच्या पेशी पाहिल्याचा दावा असेल तर जपून. त्या गोल, छोट्या आणि सगळीकडे असतात, काल उडून आलेल्याही असू शकतात. अंकुर फुटलेल्या अवस्थेतली पेशी, आणि ती भांड्याच्या आत भरपूर पण बाहेरच्या मातीत नगण्य असेल, तर थोडं वजन द्यावं. काही ठिकाणी यीस्टऐवजी जीवाणू उपयोगी पडतो. मेक्सिकोत तेओतिवाकानच्या खापरांत २०१४ साली झायमोमोनास या जीवाणूच्या आवरणातली चिवट संयुगं मिळाली, त्यावरून घायपाताच्या कुळातल्या अगेव्हच्या रसाचं पुल्के हे पेय ओळखलं. ते नगर तुलनेने अलीकडचं, पण युक्ती आपल्या कामाची आहे, कारण हा जीवाणू ताडीतही असतो.

पायरी ८: पुन्हा तपासलं का, ते बघा

स्कॉटलंडमध्ये बालफार्ग इथल्या नवाश्मयुगीन खापरांवर खुरासनी ओव्याचे अंश असल्याचं जाहीर झालं होतं. ती वनस्पती विषारी आणि भ्रम निर्माण करणारी, त्यामुळे विधीतल्या गूढ पेयाची कथा जोरात चालली. नंतर दुसऱ्या गटाने तेच अवशेष पुन्हा तपासले तेव्हा खुरासनी ओव्याचा मागमूसही लागला नाही. कथा मात्र अजून फिरते.

सगळे साक्षीदार एका जागी भेटतात तेव्हा वाचतानाच फरक जाणवतो. आर्मेनियातल्या अरेनी गुहेत इ.स.पू. ४००० च्या सुमाराची द्राक्षं तुडवायची उथळ मातीची परात, तिला लागून रस जमा व्हायचा जमिनीत पुरलेला रांजण, बाजूला द्राक्षाच्या बिया, पिळलेली सालं, आणि खापरांत माल्विडिन. इजिप्तमध्ये अबायदोसला इ.स.पू. ३००० च्या सुमाराचा बिअरखाना आहे, आठ विभाग आणि प्रत्येकात चाळीसेक कुंड्या दोन ओळींत, एका खेपेला अंदाजे २२,४०० लिटर बिअर. तिथे 'होती का' हा प्रश्नच उरत नाही, 'एवढी कुणासाठी' हा उरतो. आणि डेन्मार्कच्या एग्तवेद इथल्या ओकच्या शवपेटीत, इ.स.पू. १३७० च्या उन्हाळ्यात पुरलेल्या तरुण मुलीच्या पायाशी भूर्जाच्या सालीची छोटी बादली होती. तळाच्या गाळात गहू, रानबेरी, बॉग मर्टल नावाचं सुगंधी झुडूप आणि मधातले परागकण. ती बादली १९२१ साली बाहेर आली, आणि ती कुणी घासून धुतली नाही.

शेतात खापर दिसलं तर

आपल्याकडे नांगरटीनंतर नदीकाठच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत खापरं वर येतात. ती उचलू नका. शेजारी पेन किंवा नाणं ठेवून फोटो काढा, मोबाइलवर जागेची नोंद करा आणि जवळच्या पुरातत्त्व विभागाला किंवा विद्यापीठाच्या विभागाला कळवा. एखादं आधीच घरी आणलेलं असेल आणि आतल्या बाजूला काही चिकटलेलं दिसत असेल, तर अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा, वर गावाचं नाव, शेताचा गट क्रमांक आणि तारीख लिहा, आणि नळापासून लांब ठेवा.